सावजाच्या जागी माणूस

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली साठमारी आज बहुतेकांना पत्ता सांगण्यापुरती ठाऊक असते. भक्कम दगडी भिंतींचं ते आवार कशासाठी बांधलं आणि तिथे काय चालायचं, हे नव्या पिढीतल्या फार थोड्यांना सांगता येईल. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात इथे माणूस आणि हत्ती यांचा खेळ व्हायचा. मस्तीला आलेला हत्ती आत सोडायचे. साठमार म्हणजे हा खेळ खेळणारी माणसं. ती अंगाबरोबर कपडे घालून, हातात रुमाल नाहीतर भाला घेऊन त्याच्यासमोर उतरायची. एकाने हत्तीला डिवचायचं आणि हत्ती अंगावर आला की जीव घेऊन पळत बुरुजाचा आडोसा गाठायचा. आत शिरायची वाट एवढीच की माणूस जाईल आणि हत्तीचं मस्तक बाहेर अडेल. एखादा सापडतोय असं दिसलं की दुसऱ्याने पुढे होऊन हत्तीला आपल्याकडे वळवायचं. बडोद्यात गायकवाडांकडेही असाच खेळ होता. 1860 च्या दशकात तिथे आलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने तो पाहून लिहून ठेवला आहे.

शिकारीत जनावर पुढे पळतं आणि माणूस मागे लागतो. साठमारीत पुढे पळणारा माणूस असतो, आणि तो तिथे आपण होऊन उभा राहिलेला असतो. शिकारीतून निघालेल्या पाठलागाच्या खेळांचा विचार करताना मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. इंग्लंडात ससा आणि शिकारी कुत्रे यांच्या पाठलागावरून शाळकरी पोरांनी एक खेळ काढला. त्या खेळातून पळणाऱ्यांचे क्लब निघाले आणि त्या क्लबांनी पबमध्ये बस्तान बसवलं. पुढे तोच खेळ मलायात गेला आणि तिथून जगभर पसरला. आपल्याकडे, विशेषतः कोल्हापुरात, शिकारीची परंपरा त्याहून कमी नव्हती. मग तिच्यातून मागे काय राहिलं, आणि जे राहिलं नाही ते का राहिलं नाही, हे नीट पाहायला हवं.

आधी इथली शिकार. शाहू महाराजांना तिचा मनापासून नाद होता. घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार तर त्यांच्या खास आवडीची. पण कोल्हापूरचं नाव बाहेर गाजलं ते चित्त्यांमुळे. शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडायचा हा खेळ विसाव्या शतकात भारतात अगदी मोजक्या संस्थानांत उरला होता, आणि त्यांत भावनगर आणि कोल्हापूर ही दोन नावं आघाडीवर होती. भावनगरचे भावसिंहजी आणि शाहू महाराज राजकोटच्या राजकुमार कॉलेजात बरोबर शिकलेले, एकमेकांचे जिवलग मित्र. शाहू महाराजांनंतर गादीवर आलेल्या राजाराम महाराजांनीही चित्त्यांचा हा शौक मोठ्या हौसेने पुढे चालवला.

या शिकारीची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. चित्त्याला गाडीत बसवून माळावर न्यायचं. डोळ्यांवर चामड्याची टोपी, गळ्यात पट्टा आणि शेजारी त्याला सांभाळणारा चित्तेवान. काळविटांना बैलगाडीची सवय असते. शेतकरी रोजच जातायेत असतो, त्यामुळे कळप गाडीला बराच जवळ येऊ देतो. पुढच्या काळात गाडीच्या जागी मोटारी आल्या. टप्पा बेताचा राहिला की चित्तेवान टोपी काढायचा. चित्ता आधी कळपाकडे नुसता बघत बसायचा. मग खाली उतरून, जमिनीला पोट लावून, झुडपांच्या आडोशाने पुढे सरकायचा, आणि एकदम सुटायचा. काही शे मीटरांत सगळा निकाल लागायचा. काळवीट सापडलं तर चित्ता त्याचा गळा धरून बसायचा, आणि चित्तेवान धावत जाऊन सावज मोकळं करून घ्यायचा. त्यासाठी चित्त्यासमोर लाकडी पळीत रक्त किंवा मांसाचा तुकडा धरायचे. तो त्यात गुंतला की पुन्हा डोळ्यांवर टोपी. काळवीट निसटलं तर मात्र चित्ता दूरवर मागे लागत नसे. धापा टाकत तिथेच बसून राहायचा.

चित्तेवानाचं खरं कसब मात्र त्या धावेच्या आधी पणाला लागत असे. शिकारीला पूर्ण वाढलेला, रानात आईबरोबर राहून शिकार शिकलेला चित्ताच लागतो. पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाला ते शिकवता येत नाही. म्हणजे प्रत्येक चित्ता रानातून धरून आणायचा, खाटेवर बांधायचा, माणसांच्या आवाजाची, वर्दळीची, पोराबाळांच्या गलक्याची त्याला सवय लावायची आणि मग त्याच्याकडून काम घ्यायचं. बंदिस्त चित्ते तेव्हा सहसा वितही नसत. जहांगीर बादशहाच्या पदरी एका चित्तिणीला पिल्लं झाली तर त्याची नवलाची नोंद झाली. अशा रीतीने शेकडो वर्षं रानातले चित्ते धरले गेले आणि रान रिकामं होत गेलं. शेवटी भारतात चित्ता मिळेना, तेव्हा संस्थानिकांनी आफ्रिकेतून आणायला सुरुवात केली. या विषयाचे अभ्यासक दिव्यभानुसिंह यांच्या हिशेबाने 1918 ते 1945 या काळात असे सुमारे 200 चित्ते भारतात आले. कोल्हापूरच्या माळावर धावणाऱ्या चित्त्यांपैकी बरेच जन्माने आफ्रिकेचे होते.

यातली जी बाजू आपल्या लिखाणात सहसा येत नाही, तिच्याकडे वळतो. चित्ता धरून आणायचं काम पारध्यांचं. पारध्यांतली एक शाखाच चित्ता पारधी म्हणून ओळखली जायची. रानातलं झाड कोणतं, चित्ता कोणत्या झाडाशी वारंवार येतो, फास कुठे आणि कसा लावायचा, हे सगळं ज्ञान त्यांचं होतं. राजेरजवाड्यांचा खेळ त्यांच्या या विद्येवर उभा होता. पण इंग्रजांचा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आला, पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला, आणि माग काढणाऱ्या या माणसांच्याच मागावर पोलीस लागले. रोज पोलीस चौकीवर हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी, कुठेही चोरी झाली की पहिला संशय यांच्यावर. शाहू महाराजांनी 1918 मध्ये आपल्या संस्थानात ही हजेरी बंद केली. पारध्यांना पहाऱ्याची कामं दिली, राहायला जागा दिली. महाराजांच्या शिकारींच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात, तेव्हा हे पानही सोबत वाचलं जावं असं मला कळकळीने वाटतं. तो कायदा देशातून गेला 1952 साली. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं सरकारने जाहीर केलं तेही 1952 सालीच.

कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं आणि दरबारी शिकारीचा जमाना संपला. दाजीपूरचं जंगल महाराजांनी गव्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेलं होतं. 1958 मध्ये ते अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. पुढे वाढत वाढत आजचं 351 चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य तयार झालं. शिकारीसाठी राखलं म्हणून ते रान वाचलं, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. मारलेल्या जनावरांपैकी काही पेंढा भरून न्यू पॅलेसच्या संग्रहालयात उभी आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा उघड शौक म्हणून उरलाच नाही.

दरबारासोबत तो गेला, आणि लोकांच्या हाती त्याचा खेळ काही आला नाही. लोक त्या शिकारीत होते, पण हाकारे म्हणून. डबे वाजवत, आरोळ्या देत रान उठवायचं आणि सावज साहेबाच्या किंवा सरकारांच्या बंदुकीपुढे आणून द्यायचं, एवढाच त्यांचा वाटा. अनेक संस्थानांत हे काम वेठीचं असे. वेठीने केलेल्या कामाची आठवण पोराबाळांना खेळ म्हणून कोण शिकवणार?

इंग्लंडात काय वेगळं घडलं ते इथे उपयोगी पडतं. तिथेही कोल्ह्याची घोड्यावरची शिकार ही जमीनदारांचीच मिरास होती. पण मोठमोठ्या शाळांतल्या पोरांनी घोडे नाहीत, कुत्रे नाहीत, तर आपणच पळू, असं ठरवलं. दोन पोरं ससे व्हायची. त्यांच्या पिशवीत फाडलेल्या कागदाचे कपटे. त्यांना काही मिनिटं आधी सोडायचं आणि त्यांनी पळता पळता कपटे टाकत जायचं. हाच सशाचा वास. बाकीची पोरं कुत्रे. त्यांनी कपटे हुडकत मागे यायचं. सशांना खोटी वाट पाडायची मुभा होती. कपटे टाकत एका बाजूला जायचं, मग थांबायचं आणि मागे फिरून भलतीकडून निघायचं. श्रूजबरी शाळेत या खेळाच्या नोंदी 1831 पासून सापडतात. तिथे पळणाऱ्या पोरांना आजही कुत्रे म्हणतात आणि त्यांच्या प्रमुखाला शिकारी. रग्बी शाळेतल्या अशाच एका धावेचं मोठं बहारदार वर्णन थॉमस ह्यूजच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या 1857 च्या कादंबरीत आहे. कादंबरीतली ती धाव नऊएक मैलांची आहे, आणि ती संपते रस्त्यावरच्या एका खाणावळवजा दारूघरापाशी. टॉम आणि त्याचे सोबती वाट चुकून, चिखलाने माखून, सगळं आटोपल्यावर परत येतात.

शाळा संपल्यावर पोरं मोठी झाली, पण हा नाद सुटला नाही. 1868 मध्ये लंडनच्या टेम्स रोइंग क्लबातल्या काही वल्हेकऱ्यांनी हिवाळ्यात अंग मोकळं राहावं म्हणून टेम्स हेअर अँड हाउंड्स हा क्लब काढला. मैदानाऐवजी रानावनातून पळणाऱ्यांचा तो सर्वांत जुना क्लब. त्याला स्वतःची इमारत नव्हती. रोहॅम्प्टनच्या किंग्ज हेड नावाच्या पबात कपडे बदलायचे, पळून आल्यावर तिथेच अंग धुवायचं आणि तिथेच जेवायचं. इतर क्लबांचंही तसंच. पबवाल्याला हिवाळ्यातल्या शनिवारी हमखास गिऱ्हाईक मिळायचं आणि क्लबला फुकटात छप्पर. पुढे ‘हॅरियर्स’ म्हणजे सशामागचे कुत्रे हे नाव क्लबांना चिकटलं. बर्मिंगहॅमचा बर्चफील्ड हॅरियर्स हा क्लब 1877 पासून चालू आहे, आणि त्याच्या बोधचिन्हावर धावतं हरीण आहे. गावोगावच्या पबांवर कोल्हा आणि कुत्रे, ससा आणि कुत्रे असल्या नावांच्या पाट्या तर अजून लटकताहेत.

त्या काळातली एक घटना मला फार आवडते. 1876 मध्ये एपिंगच्या जंगलात इंग्लंडची पहिली रानधाव स्पर्धा भरवली गेली. पळणारे 32. वाटेच्या खुणांचा असा काही घोळ झाला की सगळेच्या सगळे वाट चुकले आणि स्पर्धा रद्द धरावी लागली. तिथूनच आजच्या क्रॉस कंट्री शर्यतींचा धागा सुरू होतो.

या घराण्याचा एक वारस आपला आहे. कोल्ह्यामागे घोडे फेकणाऱ्या मंडळींनी एका चर्चच्या कळसापासून दुसऱ्या चर्चच्या कळसापर्यंत, मधले ओढे आणि कुंपणं उडवत शर्यती लावल्या. 1850 मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी तीच शर्यत घोड्यांशिवाय, पायांनी पळून पाहिली. तीच आजची 3000 मीटर स्टीपलचेस. 28 वेळा अडथळा आणि 7 वेळा पाण्याचा खड्डा. त्या प्रकारात बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. 2024 च्या जुलैत पॅरिसला त्याने 8 मिनिटं 9.91 सेकंदांची वेळ दिली. आयर्लंड-इंग्लंडच्या घोडेस्वारांच्या नादातून निघालेली शर्यत एका दुष्काळी गावातल्या शेतकऱ्याच्या पोराने आपली केली, याचा मला फार अभिमान वाटतो.

पबची गोष्ट पुढे सरकली ती मलायात. क्वालालंपूरला नोकरीला असलेला आल्बर्ट गिस्पर्ट नावाचा हिशेबनीस आणि त्याचे मित्र यांनी 1938 च्या डिसेंबरात संध्याकाळी कागदाच्या कपट्यांमागे पळायला सुरुवात केली. ज्या निवासात ते जेवत, तिथल्या खाण्यावरून गमतीत त्या निवासाला हॅश हाउस म्हणत. म्हणून मंडळाचं नाव हॅश हाउस हॅरियर्स. नियम जुनेच. ससे पुढे जाऊन खुणा टाकणार, बाकीचे मागे. पण यात जिंकणं-हरणं नव्हतं. चौकात खुणा मुद्दाम तोडायच्या, म्हणजे जोरात पळणारे चुकीच्या वाटा धुंडाळत राहतात आणि मागचे सावकाश येऊन त्यांना गाठतात. शेवटी सगळे एकत्र, गार बिअर आणि जेवण. शनिवार-रविवारची दारू उतरवणं, तहान लागेल इतकं पळणं आणि वय झालेल्यांना आपण अजून म्हातारे झालो नाही हे दाखवणं, असे हेतू त्या मंडळाने 1950 च्या नोंदणीत चक्क लिहून दिले होते. गिस्पर्ट ते पाहायला नव्हता. 1942 च्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या लढाईत तो मारला गेला. आज या मंडळाच्या शाखा जगभर आहेत, दिल्लीत आणि बंगळुरातही. 2002 मध्ये त्यांचा जागतिक मेळा आपल्या शेजारी गोव्यात भरला होता.

या सगळ्यात एक सूत्र आहे. शिकार जिथे खेळ म्हणून टिकली, तिथे सावजाची जागा माणसाने राजीखुशीने घेतली, आणि शेवटी सावज आणि शिकारी एका टेबलाशी जेवायला बसले. इंग्लंडात 2004 च्या कायद्याने कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार बंद झाली. कोल्ह्याऐवजी माणूस पुढे पळवून मागे ब्लडहाउंड कुत्रे सोडण्याचा प्रकार मात्र चालू आहे, आणि कुत्रे त्या माणसापाशी पोचले की त्याला चाटतात.

मग आपल्याकडे हे सूत्र कुठेच नाही का? आहे, पण ते दरबारात शोधून मिळत नाही. ते अंगणात आहे. शिवाशिवी, विषामृत, लपंडाव, सूरपारंब्या, चोर-शिपाई. ज्याच्यावर राज्य त्याने पाठलाग करायचा, ज्याला शिवलं त्याच्यावर राज्य. शिकारी आणि सावज क्षणाक्षणाला जागा बदलतात. वाघ-शेळीत पोरं एकमेकांची कंबर धरून रांग करतात. पुढचा धनगर आणि बाकीच्या शेळ्या. वाघाला शेपटीची शेळी पकडायची असते आणि धनगर हात पसरून आडवा येतो. हीच झुंज दगडावर कोरलेल्या वाघबकरीच्या पटावर बसून खेळली जाते. असे पट आपल्या देवळांच्या ओट्यांवर, घाटांवर, लेण्यांत ठिकठिकाणी सापडतात. तिथे बकऱ्यांनी मिळून वाघाला कोंडलं की बकऱ्या जिंकतात.

आणि खो-खो. याच्याबद्दल मला जरा थांबून लिहायचं आहे, कारण माझ्या मते पाठलागाचा इतका विचारपूर्वक रचलेला खेळ दुसरा नाही. 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधायला घेतले. पाठलाग करणारे आठ जण मधल्या रेषेवर आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंडं करून बसलेले, नववा उठलेला. उठलेल्याला दिशा बदलता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र कुठूनही जाता येतं. म्हणजे एकट्याच्या बळावर पाठलाग करणाऱ्याला पळणारा सापडणं जवळपास अशक्य. त्याने आपल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून खो द्यायचा, आणि दमलेल्याची जागा ताज्याने घ्यायची. पळणारा साखळी धरून वळणं घेतो, खांबापाशी झुलवतो, समोरचा झेपावला की अंग चोरतो. एक जण हाकतो, दुसरा आडवा जातो, तिसरा झडप घालतो. रानकुत्र्यांची टोळी सांबराला अशीच दमवते. दरबारी शिकारीने जे ज्ञान राजवाड्यात कोंडून ठेवलं, तेच शाळेच्या मैदानावर चड्डी-बनियनमधल्या पोरांनी आणि रिबिनी बांधलेल्या पोरींनी जिवंत ठेवलं. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत भारताने तो जिंकला. आपल्या वृत्तपत्रांनी त्याला जेवढी जागा दिली, तेवढी फार कमी होती असं माझं स्पष्ट मत आहे.

कोल्हापुरात पाठलागाची आणखी एक आठवण आहे, आणि तिला खेळ म्हणता येत नाही. 1660 च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निसटले. एका पालखीतून महाराज, दुसऱ्या पालखीतून त्यांच्यासारखा दिसणारा शिवा काशीद. शत्रूने दुसरी पालखी पकडली, शिवा काशीदने प्राण दिला आणि त्यातून जो वेळ मिळाला त्यात महाराज पुढे गेले. मागावर आलेल्या फौजेला घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभूंनी अडवलं. त्या वाटेवरून दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड अशी पदभ्रमंती निघते. कोल्हापूरच्या गिर्यारोहण मंडळांनी ती रुजवली, आणि आता राज्यभरातून हजारो जण येतात. मसाई पठारावर समोरचं माणूस दिसणार नाही असं धुकं, मग करपेवाडीच्या बाजूची भातखाचरं, गुडघाभर लाल चिखल, बुटात शिरलेल्या जळवा, पांढरपाणी आणि शेवटी खिंड. वाटेतल्या वाड्यावस्त्यांवर शाळेत नाहीतर घराच्या पडवीत मुक्काम, चुलीवरची भाकरी आणि आमटी. ज्या पोरांना इतिहासाच्या पुस्तकात या रात्रीचं एक पान पुरलं होतं, ती पोरं तो चिखल तुडवून आल्यावर त्या पालख्या वाहणाऱ्या भोयांबद्दल विचारू लागतात.

पळणं संपल्यावर बसण्याची जागा हा इंग्लंडच्या गोष्टीतला अर्धा भाग. तो कोल्हापुरात आधीपासूनच आहे. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. पेठेतल्या पोरांना जागा देणारी, गणपती बसवणारी, अडल्यानडल्याला उभी राहणारी ती संस्था आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा तालीम यांचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा अख्ख्या पेठा मैदानात असतात. इंग्लंडच्या त्या धावणाऱ्या क्लबांना जे पबात मिळालं, ते इथे तालमीच्या कट्ट्यावर मिळतं. आणि पेयाचं म्हणाल तर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हैस दारात उभी असते, समोर धार काढतात आणि फेसाळ कोमट दुधाचा पेला थेट हातात. पैलवानांपासून कचेरीतून परतणाऱ्यांपर्यंत सगळे तिथे उभ्याने पितात.

दिवाळीच्या पाडव्याला तर पाठलाग रस्त्यावरच येतो. कसबा बावडा, पंचगंगेचा घाट आणि पेठांमधून सजवलेल्या म्हशी पळवतात. शिंगं रंगवलेली, पायांत चाळ, गळ्यात कवड्यांच्या माळा. मालक मोटारसायकलवर पुढे, तिचा फट्फट् आवाज टिपेला, आणि त्याच्या हाकेसरशी म्हैस मागून चौखूर उधळलेली. कुणी तिला मागून मारत नाही. पुढच्या ओळखीच्या आवाजामागे ती पळते.

गेल्या काही वर्षांत कोल्हापूर पळायला लागलं आहे, हे सकाळी रंकाळ्यावर किंवा शिवाजी विद्यापीठाच्या आवारात जाणाऱ्या कुणालाही दिसेल. रविवारी लांब पल्ल्याचा सराव आणि त्यानंतर मिसळ, हा क्रम आता पक्का बसला आहे. परगावच्या मॅरेथॉनचे टी-शर्ट, हातात वेळ मोजणारी घड्याळं. हे चांगलंच आहे. पण या पळण्यात प्रत्येक जण आपल्या घड्याळाशी एकटा असतो. किती किलोमीटर, किती वेगाने, मागच्या महिन्यापेक्षा किती कमी वेळात. माग काढणं, हाक मारणं, वाट चुकलेल्यासाठी थांबणं यातलं काही उरलेलं नाही. तरण्या पोराबरोबर साठीचा माणूस त्यात बरोबरीने पळू शकत नाही. माग काढायच्या खेळात तो पळू शकतो, कारण तिथे पायांइतकंच डोळ्यांचं काम असतं.

म्हणून कोल्हापूरच्या धावणाऱ्या मंडळींनी महिन्यातून एक रविवार घड्याळं घरी ठेवावीत असं मला वाटतं. कागदाचे कपटे नकोत, ते ओढ्यात जातात. मैदान आखायची फक्की पुरते, पहिल्या पावसात धुऊन निघते. पावसाळ्यात तिच्याऐवजी झाडाच्या फांदीला बांधलेल्या आणि परतताना सोडून आणायच्या चिंध्या चालतील. जोतिबाचा डोंगर, पन्हाळ्याचा उतार, गिरोलीच्या बाजूच्या पायवाटा हे सगळं हाताशी आहे. अभयारण्याच्या आत मात्र जायचं नाही. तिथे गव्यांना त्यांची शांतता हवी. ससे म्हणून दर वेळी नवे दोघे निवडावेत, आणि त्यात एक तरी मुलगी असावी. सुरुवात साठमारीच्या भिंतीपाशी करावी. तिथे येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला साठमारांची, चित्तेवानांची आणि पारध्यांची गोष्ट निघण्याआधी पाच मिनिटं सांगावी. त्या निमित्ताने त्या आवाराची डागडुजी आणि एक माहितीफलक महापालिकेकडे मागता येईल. आणि ज्या शेतकऱ्याच्या बांधावरून वाट जाणार असेल त्याला आदल्या दिवशी विचारावं, उभ्या पिकातून कुणाला जाऊ देऊ नये, आणि धाव संपल्यावर मिसळीच्या पंगतीला त्यालाही बोलवावं.